अर्हतेचा रकाना

जिल्ह्याच्या एका गावच्या महाविद्यालयाची माहितीपुस्तिका संपादकमहाशयांनी माझ्यापुढे सरकवली आणि तिच्या अखेरच्या दोन पानांवर, म्हणजे भाषा व ललितकला या विभागांच्या अध्यापकवर्गाच्या यादीवर, एक लेख लिहून आणावा अशी आज्ञा केली, तेव्हा ही शिक्षा आपणांस कोणत्या अपराधाबद्दल होत आहे याचा मी काही काळ मनाशी शोध घेत राहिलो. यादीत रकाने तीन : नाव, पद आणि अर्हता. पहिल्या दोहोंत मन रमण्याजोगे काही नव्हते. तिसऱ्या रकान्यात मात्र ‘एम.ए., सेट, पीएच.डी.’ अशी एकाच गणवेशातली पलटण कवाईत करीत खाली उतरत होती, आणि मध्येच चित्रकलेपाशी ‘जी.डी. आर्ट, ए.एम.’ व संगीतापाशी ‘संगीत अलंकार’ असे दोन असामी साध्या धोतरात उभे असावेत तसे उभे होते. त्या दोघांना भेटावे एवढ्याच हेतूने मी गाडीत बसलो.

महाविद्यालयाचा अधिकृत इतिहास पुस्तिकेच्या आरंभी दिला आहे. कोनशिला, देणगीदार, सुवर्णमहोत्सव असा तो क्रम आहे. मी तो उभ्याउभ्याच वाचला.

कचेरीचे मुख्य लिपिक, ज्यांना शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सारे ‘भाऊसाहेब’ म्हणतात, त्यांनी माझे येण्याचे प्रयोजन ऐकून घेतले आणि कुणाचे खासगी दप्तर दाखवता येणार नाही, असे बजावून लोखंडी कपाटातून एक कोरे सेवापुस्तक काढून दिले. नोकरीत शिरणाऱ्या मनुष्याची पहिली नोंद ज्या पानावर होते, ते पान मी इतक्या बारकाईने पूर्वी कधी पाहिले नव्हते. पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, उंची, अंगावरील ओळखीची खूण, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे आणि शैक्षणिक अर्हता. हनुवटीवरच्या तिळाला त्या पानावर हक्काची जागा आहे. गुरूच्या नावाला नाही. मी ते भाऊसाहेबांना बोलून दाखविले. ते म्हणाले, “गुरू बदलता येतो, साहेब. तीळ बदलत नाही.” कचेरीच्या दृष्टीने हे उत्तर बिनतोड होते.

परंतु ते कोरे पान समोर असताना माझ्या मनाला एक छंद लागला, आणि मी त्यावर मनातल्या मनात धर्मानंद कोसंबींची नोंद करू लागलो. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, साखवाळ, गोवा, येथपर्यंत ठीक. पुढे अर्हता? या गृहस्थाने मॅट्रिकची पायरीदेखील चढलेली नव्हती. बुद्धाचा धर्म मूळ भाषेत समजून घ्यावा या एकाच ध्यासाने त्याने १८९९ साली घर सोडले, पुण्यात व पुढे काशीत अन्नछत्राच्या अन्नावर राहून संस्कृताचा अभ्यास केला, नेपाळ-गयेची पायपीट केली, आणि सिंहलद्वीपात विद्योदय विहारात सुमंगल महास्थविरांच्या चरणांशी बसून पाली भाषा आत्मसात केली. कलकत्त्यास अध्यापनाचा मासिक २५० रुपयांचा मार्ग खुला असता, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे ५० रुपयांचे वेतन पत्करले. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनार्थ त्यांना बोलाविले. परतल्यावर १९१२ पासून सहा वर्षे ते फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. जो विषय ते शिकवीत होते, त्याची पदवी खुद्द त्यांच्यापाशी नव्हती. आणि एवढ्या साऱ्या वृत्तान्ताला सेवापुस्तकात जो चौकोन आहे, त्याची लांबी माझ्या अंदाजाने चार बोटे.

चित्रकलेकडे वळले तरी कथा फारशी वेगळी नाही. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले, तेव्हा शिकविण्यास लायक म्हणजे विलायतेच्या साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेच्या तालमीतले, अशी सरकारची समजूत होती; लॉकवुड किपलिंग त्याच मुशीतून १८६५ मध्ये येथे आले, मागोमाग जॉन ग्रिफिथ्स आले, आणि ग्रिफिथ्ससाहेबांनी १८७२ पासून पुढे सुमारे तेरा वर्षे एतद्देशीय विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. त्या कोंदट लेण्यांत मिणमिणत्या उजेडात मुलांचा हात जो तयार झाला असेल, त्याची कोणत्या परीक्षेच्या गुणपत्रिकेत नोंद करावी? महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये कोल्हापुराहून त्या विद्यालयात विद्यार्थी म्हणून शिरले, १८९६ मध्ये तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त होऊन बाहेर पडले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले. शिकणे कोठे संपले आणि शिकविणे कोठे सुरू झाले, याची रेघ त्या एकेचाळीस वर्षांत ओढू म्हटले तरी ओढता येणार नाही.

येथे एक कबुली दिली पाहिजे, नाहीतर हा लेख पदवीद्वेष्ट्यांच्या हाती कोलीत दिल्यासारखा होईल. कोसंबी शतकात एखादा निपजतो. आमच्या वेळच्या महाविद्यालयात मात्र वशिल्याने चिकटून, पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून तीस वर्षे तेच व्याख्यान सांगणारे गृहस्थही होते, आणि त्यांच्यापैकी एकाने मला केशवसुतांविषयी जी अरुची उत्पन्न केली, ती घालविण्यास मला पुढे दहा वर्षे लागली. १९८९ पासून अध्यापकपदाच्या पात्रतेसाठी ‘नेट’ आणि नंतर राज्याची ‘सेट’ परीक्षा आली, ती अशांच्याच कर्माने आली. शिवाय पदवी आणि कर्तृत्व यांची वाट नेहमी एकच असते असेही नाही. विंदा करंदीकर इंग्रजी शिकवीत, गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र, ना. सी. फडके तत्त्वज्ञान; मराठी साहित्याचा कितीतरी भार अन्य विषयांच्या अध्यापकांनी वाहिला आहे.

तथापि परीक्षेचे यंत्र नीट पाहिले तर एक चमत्कार दृष्टीस पडतो. नेटच्या संगीत विषयात उमेदवाराला गळ्यातून एकही सूर काढावा लागत नाही, आणि दृश्यकलेत एकही रेघ ओढावी लागत नाही. चार पर्यायांतून एक निवडला की झाले. विद्यापीठ अनुदान आयोगालाही हे समजते, म्हणून २०१८ च्या नियमावलीत नामांकित गुरूंकडील तालीम, आकाशवाणी-दूरदर्शनवरील वरची श्रेणी, अशा गोष्टी जमेस धरून व्यावसायिक कलावंतासाठी एक बाजूचा दरवाजा ठेवला आहे. मी भाऊसाहेबांना विचारले की, आजवर त्या दरवाजाने येथे कोण आले? ते हसले. “त्या दरवाजाचं बिजागर कधी वाजलेलं मी ऐकलं नाही,” म्हणाले.

यानंतर मी त्या दोन धोतरधारी असामींची चौकशी केली, आणि माझ्या प्रवासाचा हेतूच ढासळला. चित्रकलेचे सर तीन वर्षांपूर्वी व संगीताचे बुवा त्याच्याही आधी निवृत्त झालेले. यादी छापखान्यातल्या जुन्या मजकुरावरून तशीच उतरली होती. पदे रिक्त. मग संगीत शिकवते कोण? “बाई आहेत तासिकेवर. त्यांचं नाव छापत नाहीत.”

बाई वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत होत्या. पंधरा वर्षे एका बुवांच्या घरी राहून, घरचे काम सांभाळून त्यांनी तालीम घेतली, अलंकार झाल्या. परंतु अलंकार म्हणजे एम.ए. समजावे की नाही, याचा निवाडा कचेरीगणिक बदलत असल्याने समकक्षतेचे दाखले गोळा करण्यात काही वर्षे गेली, आणि अखेर वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी एम.ए.च दिली. मी गेलो तेव्हा त्या तंबोरा लावीत होत्या. पहिली तार पंचमात, मधली जोड षड्जात, शेवटची खर्जात. मग जवारी लावण्यासाठी घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे असा सरकवू लागल्या. पहिल्यांदा तार नुसतीच वाजली. दोरा किंचित हलला, आणि त्याच तारेतून एकाएकी मधमाश्यांचे पोळे जागे व्हावे तसा गुंजारव उठला. त्यांनी समोरच्या सात मुलांपैकी एकीला जवळ बोलावून दोरा तिच्या हाती दिला. “कानानं शोध गं, डोळ्यांनी नको,” एवढेच म्हणाल्या. मुलीने तो सूर चार वेळा घालविला. बाई गप्प होत्या. पाचव्यांदा तो सापडला तेव्हा मुलीनेच आधी दचकून वर पाहिले. माझ्या घड्याळात सतरा मिनिटे झाली होती, आणि तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांची असते.

तासिका तत्त्व या शब्दांत ‘तत्त्व’ कोठे आहे ते मला उमगलेले नाही. दर जूनमध्ये जाहिरात, मुलाखत, नेमणूक. उन्हाळ्यात नेमणूक संपली, पुन्हा जाहिरात. मानधनाचे बिल मुकाट्याने कित्येक महिने वरच्या कचेऱ्यांत फिरत राहते. कायम पद भरावे तर आधी कार्यभार हवा, कार्यभार विद्यार्थिसंख्येवर ठरतो, आणि सात मुलांच्या संख्येवर कोणतेही कोष्टक पद देत नाही. उलट कायमचा शिक्षक नाही म्हणून मुले येत नाहीत, हे कोष्टकाला सांगणार कोण? संस्कृतची गतही तीच. तेथील तासिकेवरचे तरुण गृहस्थ, डॉक्टरेट आणि सेट दोन्ही पदरी असलेले, सकाळी येथे, दुपारी तालुक्याच्या गावी आणि शनिवारी तिसरीकडे शिकवितात, व तिन्ही ठिकाणच्या यादीत ते नाहीत. म्हणजे अर्हतेचा रकाना ज्यांचा परिपूर्ण भरला आहे, त्यांना नावाचा रकाना मिळत नाही. मराठी विभागातल्या प्राध्यापिका म्हणाल्या की, चांगली मुले आता हे पाहून एम.ए.लाच येत नाहीत. पुढल्या पिढीत शिकविणारे आणावयाचे कोठून, हा प्रश्न त्यांनी मला नव्हे, खिडकीला विचारल्यासारखा विचारला.

घंटा झाली. मुलींनी तंबोऱ्यावर गवसणी चढविली. बाई माझ्याबरोबरच जिना उतरल्या, भाऊसाहेबांच्या टेबलाच्या कडेला ठेवलेली वेगळी वही त्यांनी ओढून घेतली, दिनांक घातला, ‘घेतलेल्या तासिका’ या सदराखाली ‘१’ लिहिले आणि सही केली. ‘शिकविलेला घटक’ या सदरापाशी त्यांचा हात थोडा थबकला. मग त्यांनी तेथे लिहिले, ‘जवारी’. भाऊसाहेबांनी चष्म्यावरून ती नोंद पाहिली. “बाई, हे अभ्यासक्रमात आहे का?” त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता वही मिटून कपाटात ठेवली.