जुन्या मोटारीच्या धूरनळीचे सांधे : गळती, धोका आणि उपाय

बेळगाव-निपाणी परिसराचे यंत्रविद्येशी नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. त्या लहान आरंभातून पुढे लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे तयार झाली, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. आज बेळगावच्या उद्यमबागेत आणि शेजारच्या कोल्हापुरात ओतीव कामाचे व यांत्रिक कामाचे कितीतरी कारखाने आहेत. अशा मुलखात जुनी जीप, अ‍ॅम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी हौसेने सांभाळणारी मंडळी असावीत, यात नवल नाही. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात पाहून अनेकांच्या मनात अशी हौस निर्माण झालेली असते.

तथापि, हौसेच्या मोटारीचा रंग, गाद्या व दिवे यांकडे जितके लक्ष दिले जाते, तितके तिच्या तळाशी असलेल्या धूरनळीकडे दिले जात नाही. नळीतून थोडा आवाज येऊ लागला, तर 'जुनी गाडी आहे, चालायचेच' असे म्हणून तो विषय सोडून दिला जातो. ही उपेक्षा प्रसंगी प्राणावर बेतू शकते.

धोका कोणता?

पेट्रोलच्या अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो व त्यामुळे शरीरास प्राणवायू मिळेनासा होतो. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या इंजिनाच्या धुरात या वायूचे प्रमाण बरेच असते. धूर मागच्या टोकातून बाहेर पडला, तर तो हवेत विरून जातो. परंतु इंजिनाजवळचा सांधा गळत असेल, तर तोच वायू पायाखालच्या पत्र्याच्या भोकांतून व गिअरच्या दांड्याजवळच्या फटीतून आत शिरतो.

आपल्या भागात हा धोका पावसाळ्यात वाढतो. आंबोली किंवा चोर्ला घाटातून जाताना मुसळधार पावसामुळे सर्व काचा वर केलेल्या असतात. चढणीमुळे इंजिनावर ताण असतो आणि गाडीचा वेग कमी असतो. मुलांचे डोके दुखू लागले, मळमळ झाली वा झोप येऊ लागली, तर 'गाडी लागली' असे समजले जाते. बसलेल्या सर्वांनाच एकदम असा त्रास होऊ लागल्यास गाडी तत्काळ थांबवावी, सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

सांधे का गळतात?

इंजिनाच्या हेडला ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड, अथवा हौशी लोक बसवतात तो स्वतंत्र नळ्यांचा हेडर, स्टड व नटांनी आवळलेला असतो. दोहोंमध्ये पॅकिंग असते. त्यापुढे फ्लँजचा सांधा, नंतर एकात एक घातलेल्या नळ्यांचे सांधे आणि शेवटी सायलेन्सर, अशी ही रचना असते.

चढणीवर इंजिनातून बाहेर पडणारा वायू ७०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला असू शकतो. तापलेली धातू वाढते. एक मीटर लांबीची साधी पोलादी नळी ४०० अंशांनी तापली, तर सुमारे ५ मिलिमीटर लांब होते. स्टेनलेस स्टीलची असेल, तर सुमारे ७ मिलिमीटर. थंड झाल्यावर ती पूर्ववत होते. म्हणजे धूरनळीचा सांधा प्रत्येक प्रवासात हलतो. गळती थांबवण्याचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. ज्या सांध्याचे तोंड सपाट नाही आणि ज्या नळीला योग्य आधार नाही, तिथे कितीही लेप थापला तरी तो तडकणारच.

गळती कशी ओळखावी?

सकाळी थंड इंजिन सुरू करताच 'टिक्‌ टिक्‌' असा आवाज येतो आणि गाडी तापल्यावर तो कमी होतो, हे मॅनिफोल्डच्या गळतीचे लक्षण होय. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसणे, हा दुसरा पुरावा. उतारावर पाय सोडताच सायलेन्सरमध्ये फटाके वाजत असतील, तर सांध्यातून बाहेरची हवा आत खेचली जात असण्याची शक्यता असते. खात्रीसाठी, इंजिन थंड व बंद असताना मागच्या टोकातून पंख्याच्या यंत्राने हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तिथे गळती आहे असे समजावे.

दुरुस्तीचा क्रम

काम मोकळ्या जागेत व इंजिन पूर्ण थंड असताना करावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. नट सोडवण्यापूर्वी किंचित आवळून पाहिल्यास गंज फुटतो व स्टड तुटण्याचा संभव कमी होतो.

जुन्या गाडीच्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. सबब ते कोरडे खरवडू नये किंवा हवेने उडवू नये. पाण्याने भिजवून, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून काढावे व प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे.

नंतर दोन्ही तोंडे स्वच्छ करून त्यांवर पोलादी सरळ पट्टी उभी धरावी व मागून प्रकाश पाहावा. फट दिसल्यास मॅनिफोल्ड वाकला आहे असे समजून यंत्रशाळेतून तोंड सपाट करून घ्यावे. आपल्या परिसरात हे काम सहज होते. नवे पॅकिंग पोलादी गाभ्याचे ग्राफाइटचे किंवा तांब्याचे घ्यावे. तांब्याचे पॅकिंग मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केल्यास मऊ होते व तोंडावर नीट बसते.

सर्व नट आधी हातानेच बसवावेत. मग मधल्या नटापासून दोन्ही टोकांकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत, उत्पादकाने सांगितलेल्या जोराइतके आवळावेत. एक टोक आधी पूर्ण आवळले, तर दुसरीकडे फट राहते. पॅकिंगच्या उत्पादकाने मनाई केली नसेल, तर पहिल्या तापण्यानंतर गाडी थंड होऊ देऊन नट पुन्हा तपासावेत.

एकात एक जाणाऱ्या नळ्या बसवताना पन्हळीचा नियम आठवावा. वरच्या पन्हळीचे तोंड खालच्या पन्हळीत असते, म्हणून पाणी बाहेर सांडत नाही. त्याचप्रमाणे इंजिनाकडची नळी मागच्या नळीच्या आत असावी. नळी रबरी टांगण्यांवर मोकळी झुलली पाहिजे. इंजिनाच्या रबरी बैठकी खचल्या असतील, तर त्या आधी बदलाव्यात. अन्यथा इंजिनाचा प्रत्येक हेलकावा सांध्यावर येतो.

लेपाचे स्थान

बाजारात मिळणारा धूरनळीचा लेप तापल्यावर दगडासारखा कडक होतो. नळीत नळी घातलेल्या सांध्यातील बारीक फट भरण्यास तो उपयुक्त आहे. मात्र फाटलेली नळी किंवा वाकडे तोंड त्याने दुरुस्त होत नाही. उष्णतारोधक सिलिकोन साधारणतः ३०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकते. म्हणून ते मागच्या, थंड भागातच वापरावे. मॅनिफोल्डच्या तोंडाशी ते जळून जाते.

नियमांची बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार वाहनास सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. जुन्या वाहनांचे जतन शासनासही मान्य आहे, हे यावरून दिसून येते. परंतु जतन म्हणजे केवळ बाह्य शोभा नव्हे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील व शाळांतील शिक्षकांनी हा विषय विद्यार्थ्यांना समजावून द्यावा. धातूचे प्रसरण, वायूचा दाब आणि रक्ताचे कार्य हे तिन्ही धडे एका सांध्यापाशी एकत्र येतात. गाडीधारकांनी पावसाळ्यापूर्वी अर्धा तास काढून आपल्या मोटारीच्या तळाकडे एकदा अवश्य पाहावे. एका पॅकिंगचा खर्च थोडा आहे. बंद काचांच्या आड बसलेल्या कुटुंबाचे मोल त्याहून फार मोठे आहे.