जुना माग नव्याने उभा करताना

सोलापूरच्या नवी पेठेसारख्या गजबजलेल्या बाजारात चादर किंवा टॉवेल हातात घेणारे गिऱ्हाईक कापडाचा पोत, रंग आणि किंमत पाहते. ते कापड ज्या यंत्रावर विणले गेले त्याचा विचार सहसा त्याच्या मनात येत नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्ही उत्पादनांना २००५-०६ या वर्षात भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्यांचे नाव कायद्याने या प्रदेशाशी जोडले गेले. परंतु हे नाव टिकवून धरणाऱ्या यंत्रमागांपैकी पुष्कळ माग जुने आहेत, एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलेले आहेत, आणि वेळोवेळी उघडून, झिजलेले भाग बदलून, नवे जोड बसवून पुन्हा उभे केलेले आहेत. जुन्या यंत्राची ही पुनर्बांधणी म्हणजे नवे यंत्र परवडत नाही म्हणून केलेली तात्पुरती डागडुजी, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ती स्वतःचे शास्त्र आणि स्वतःचा क्रम असलेली विद्या आहे, आणि तो क्रम चुकला की तिच्यावर केलेला खर्च वाया जातो.

माग आले कोठून

१८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजेच लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, सुरू झाली आणि पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांमुळे सोलापूर हे कापडगिरण्यांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. या गिरण्यांच्या बरोबरीने शहरात हातमागाचीही मोठी परंपरा होती आणि तेलुगूभाषक पद्मशाली समाजाने ती जोपासली होती. याच विणकर घराण्यांनी पुढे विजेवर चालणारे माग घेतले. महाराष्ट्रात छोट्या मालकाच्या यंत्रमागाची सुरुवात त्याआधी झाली होती. १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग बसवला आणि मोठ्या गिरणीशिवायही यांत्रिक विणकाम होऊ शकते हे दाखवून दिले. मुंबईतील १९८२च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा त्यांतील माग मोठ्या प्रमाणावर विक्रीला निघाले आणि राज्यातील यंत्रमागाच्या गावांत जुने माग विकत घेऊन ते चालते करण्याच्या व्यवसायाला आणखी बळ मिळाले.

जुना माग इतका काळ टिकतो याचे मुख्य कारण त्याचा सांगाडा आहे. मागाच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात, आणि बीड ठिसूळ असले तरी ते दाब सहन करते, कंपने शोषून घेते आणि वर्षानुवर्षे आपला आकार सोडत नाही. झिजतात ते या सांगाड्यावर फिरणारे, आपटणारे आणि घासणारे भाग. त्यामुळे सांगाडा सरळ आणि अखंड असेल तर बाकीचे यंत्र नव्याने बांधणे शक्य होते.

मागाच्या हालचाली

पुनर्बांधणी समजून घ्यायची तर मागाचे काम आधी समजून घ्यावे लागते. कापडाच्या लांबीत जाणारे उभे धागे म्हणजे ताणा आणि रुंदीत जाणारे आडवे धागे म्हणजे बाणा. ताण्याचे धागे ‘वही’ नावाच्या चौकटींतील डोळ्यांतून ओवलेले असतात. काही वह्या वर आणि काही खाली गेल्या की धाग्यांच्या दोन थरांमध्ये फट तयार होते. या फटीतून धोटा, म्हणजे पोटात बाण्याची कांडी असलेला लाकडी तुकडा, एका बाजूच्या पेटीतून दुसऱ्या बाजूच्या पेटीत फेकला जातो. त्यानंतर फणी बसवलेला हात्या पुढे येऊन नुकताच पडलेला बाणा विणलेल्या कापडाला ठोकून बसवतो. फट, फेक आणि ठोक या तीन मुख्य हालचाली झाल्या. त्यांच्या जोडीला विणलेले कापड गुंडाळणे आणि मागच्या बीमवरून, म्हणजे ताण्याच्या रुळावरून, तेवढाच ताणा सोडणे या दोन हालचाली अखंड चाललेल्या असतात.

साध्या मागात या हालचालींची सांगड दोन शाफ्टांनी घातलेली असते. वरचा क्रँक शाफ्ट एका बाण्यामागे एक फेरा घेतो आणि हात्याला पुढे-मागे करतो; खालचा बॉटम शाफ्ट दातेरी चक्रांमुळे निम्म्या गतीने, म्हणजे दोन बाण्यांमागे एकदा फिरतो, आणि वह्या व धोट्याची फेक यांना चालना देतो. साधा माग मिनिटाला साधारण १०० ते १५० बाणे टाकतो, आणि त्यातील प्रत्येक बाण्यासाठी धोटा ठरलेल्या क्षणी सुटून ठरलेल्या क्षणी थांबावा लागतो. धोटा कशालाही बांधलेला नसतो, तो निव्वळ मिळालेल्या धक्क्यावर जातो, आणि म्हणूनच मागाच्या दुरुस्तीतील सर्वांत नाजूक भाग या फेकीभोवती असतो.

झीज आणि तिची लक्षणे

मागाची झीज कापडावर उमटते आणि अनुभवी जॉबर, म्हणजे माग बसवणारा व दुरुस्त करणारा कारागीर, यंत्र उघडण्याआधी कापड पाहतो. क्रँक शाफ्ट आणि हात्या यांना जोडणाऱ्या दांड्यांतील बुश सैल झाले की प्रत्येक ठोक सारखी बसत नाही आणि कापडात कोठे दाट तर कोठे विरळ पट्टे दिसतात. ताणा सोडण्याची यंत्रणा अडखळत असेल तरीही असेच पट्टे पडतात, त्यामुळे दोष नेमका कोठला हे ठरवण्यासाठी पट्ट्यांमधील अंतर मोजून ते कोणत्या चाकाच्या फेऱ्याशी जुळते हे पाहावे लागते. फेकीचा कॅम, म्हणजे धक्का देणारे उंचवट्याचे चाक, झिजले की धोटा दुबळा पडतो आणि समोरच्या पेटीत पूर्ण शिरत नाही; मग तो ताण्यात अडकून शेकडो धागे एकदम तुटण्याचा धोका निर्माण होतो. हात्यावरील ज्या पट्टीवरून धोटा धावतो ती पट्टी खोलगट झाली किंवा फणीशी तिचा कोन बिघडला, तर धोटा उडून मागाबाहेर येतो आणि शेजारी उभ्या असलेल्या कामगाराला गंभीर इजा करू शकतो. असा दोष आढळल्यावर माग बंद ठेवावा, उत्पादनासाठी तो तसाच रेटू नये, हा या कामातील पहिला नियम आहे.

पुनर्बांधणीचा क्रम

माग पूर्ण उघडून, तेल, धूळ आणि कापसाच्या तंतूंचा थर रॉकेलने धुऊन काढल्यावर आधी सांगाडा तपासला जातो. दोन्ही चौकटी एका पातळीत आणि एकमेकींना समांतर आहेत का हे लेव्हल, ओळंबा आणि दोरी लावून पाहिले जाते, कारण चौकट वाकडी असेल तर तिच्यावर बसवलेला नवा शाफ्टसुद्धा काही दिवसांत आपले बुश खाऊन टाकतो. बिडाला तडा गेला असेल तर साधे वेल्डिंग उपयोगी पडत नाही. तो भाग आधी तापवून, निकेलच्या विशेष रॉडने जोडून, सावकाश थंड होऊ द्यावा लागतो, नाहीतर जोडाच्या शेजारी नवा तडा जातो. त्यापेक्षा कित्येकदा दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून बोल्टने आवळणे अधिक भरवशाचे ठरते.

त्यानंतर शाफ्ट लेथवर चढवले जातात. जेथे झीज झाली आहे तेथे धातू भरून पुन्हा मूळ मापाला कातणे किंवा शाफ्ट किंचित बारीक कातून त्याच्या मापाचे गनमेटलचे बुश बसवणे, असे दोन मार्ग असतात. दातेरी चाके शक्यतो जोडीने बदलावीत, कारण जुन्या चाकाच्या झिजलेल्या दातांशी नव्या चाकाचे दात नीट जुळत नाहीत आणि नवे चाकही लवकर खराब होते. धोट्याला धक्का देणारा पिकर पूर्वी कमावलेल्या चामड्याचा असे, आता तो बहुधा नायलॉनसारख्या पदार्थाचा असतो. दोन्ही बाजूंचे पिकर, पट्टे आणि दांड्या एकाच वेळी बदलल्या तरच दोन्हीकडची फेक सारखी राहते.

सर्वांत शेवटी येते ती वेळ जुळवणी. फणी कापडाला भिडते ती क्रँकची अवस्था शून्य अंश मानली, तर साधारण ८० ते ९० अंशांवर फेक सुरू होते, ११०च्या आसपास धोटा ताण्याच्या फटीत शिरतो आणि २४०च्या आसपास पलीकडे बाहेर पडतो. कापडाची रुंदी, सुताची जाडी आणि मागाची गती यांनुसार हे आकडे थोडे सरकतात. कुशल जॉबर माग हाताने हळूहळू फिरवून प्रत्येक अवस्थेला थांबतो आणि मगच विजेची कळ दाबतो.

बदल आणि त्यांच्या मर्यादा

मूळ स्थितीत आलेल्या मागावर पुढे बदल करता येतात आणि सोलापूरच्या उत्पादनांसाठी त्यांतील सर्वांत महत्त्वाचा बदल टेरी विणीचा आहे. टेरी टॉवेलला दोन ताणे लागतात: एक घट्ट ताणलेला, जो कापडाचा पाया बनतो, आणि दुसरा सैल सोडलेला, ज्याचे फासे पृष्ठभागावर उभे राहून पाणी शोषतात. त्यासाठी साध्या मागावर दुसरा बीम आणि त्याची स्वतंत्र सोडणी बसवावी लागते, तसेच फणी दोन बाण्यांना कापडापासून थोड्या अंतरावर थांबेल आणि तिसऱ्या बाण्याला पूर्ण भिडेल अशी यंत्रणा जोडावी लागते. तिसऱ्या ठोकीला तिन्ही बाणे घट्ट ताण्यावरून एकत्र पुढे सरकतात, सैल ताणा त्यांच्याबरोबर ओढला जातो आणि त्याचे फासे बनतात. थांबण्याचे अंतर वाढवले की फासा उंच होतो. हात्याच्या जोडांमध्ये जराही सैलपणा राहिला तर हे अंतर दर वेळी बदलते आणि टॉवेलभर फासे लहानमोठे होतात, म्हणूनच झीज दूर न करता केलेला टेरी बदल कधीही समाधानकारक ठरत नाही.

नक्षीसाठी मागावर जॅकार्ड चढवला जातो. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ साली सिद्ध केलेल्या या यंत्रणेत छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीवरून ताण्याचा कोणता धागा उचलायचा हे ठरते. आता पुठ्ठ्यांची जागा इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड घेत असून संगणकावर काढलेली नक्षी विद्युतचुंबकांच्या साहाय्याने धागे उचलते. त्यामुळे नक्षी बदलण्याचा वेळ पुष्कळ कमी होतो. परंतु खालचा माग तोच राहिल्याने धाग्यांची तुटातूट आणि ठोकीचे दोष जॅकार्ड नवा आणून सुटत नाहीत.

दुसऱ्या प्रकारचे बदल दिसायला लहान पण परिणामाने मोठे आहेत. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची पातळ पट्टी टांगली की धागा तुटताच ती खाली पडून विद्युतमंडल पूर्ण करते आणि माग थांबतो. बाणा संपला किंवा तुटला तरी थांबण्याची अशीच सोय करता येते. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागामागे हाच विचार होता की दोष उद्भवताच यंत्राने स्वतः थांबावे, आणि १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित यंत्रनिर्मात्यांनी त्याचे हक्क विकत घेतले. भारत सरकारने २०१३च्या सुमारास साध्या यंत्रमागांच्या जागेवरच सुधारणेसाठी अनुदानाची योजना आणली आणि १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘पॉवरटेक्स इंडिया’त तिचा समावेश केला. तिच्या कक्षेतही अशा थांबवणाऱ्या यंत्रणा, ताणा सोडण्याची सुधारित रचना आणि परिणामकारक ब्रेक यांचा अंतर्भाव होता.

तिसरा आणि सर्वांत धाडसी बदल म्हणजे धोटा काढून टाकून त्याच्या जागी रेपियर, म्हणजे बाणा पकडून फटीतून नेणारी पट्टी, बसवणे. त्यामुळे मोठ्या कोनावरून, म्हणजे सुताच्या शंकूसारख्या गुंडाळीवरून, थेट सूत घेता येते, कांड्या भरण्याचे काम उरत नाही आणि धोट्याच्या आपटण्यातून होणारा आवाजही कमी होतो. धोट्याच्या मागांच्या कारखान्यातील आवाज बहुधा ९० डेसिबलची कायदेशीर मर्यादा ओलांडतो आणि कामगारांची श्रवणशक्ती कायमची कमी करतो, हे लक्षात घेता हा लाभ छोटा नाही. मात्र कांड्या भरून संसाराला हातभार लावणाऱ्या स्त्रियांचे काम याच बदलाने जाते, आणि त्यांच्या पर्यायी कामाचा विचार मालकाच्या हिशेबात यायला हवा. शिवाय रेपियर बसवला म्हणून जुना माग मनमानी वेगाने पळवता येत नाही. हात्यासारख्या पुढे-मागे होणाऱ्या जड भागावर येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे मिनिटाला १२० बाण्यांचा माग १५० वर नेला तर वेग सव्वापट होतो, पण ताण दीडपटीहून अधिक होतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या बिडाला तो किती झेपेल, याचा विचार मालकाने सुट्या भागांच्या खरेदीआधी करायला हवा.

जॉबरची विद्या

जुन्या मागांची कदर करणारा सोलापूर हा एकटा नाही. जपानमधील ओकायामा भागात जुन्या टोयोडा मागांवर विणलेल्या डेनिमला आजही चढा भाव मिळतो, कारण धोट्याने विणलेल्या कापडाचा काठ आपोआप बांधला जातो आणि उसवत नाही. इंग्लंडच्या बर्नली गावातील क्वीन स्ट्रीट मिलमध्ये लँकेशायर मागांचे वस्तुसंग्रहालय आहे, तेथे हे माग चालते ठेवण्यासाठीही जुन्या पद्धतीची कारागिरी लागते. सोलापूरचे वैशिष्ट्य असे की येथे ही विद्या संग्रहालयात नसून रोजच्या पोटापाण्याशी बांधलेली आहे. भवानी पेठ, साखर पेठ आणि अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील माग ज्यांच्या हातांनी चालू राहतात, त्यांची नावे कोणत्याही टॉवेलवर छापलेली नसतात.

ही विद्या प्रामुख्याने हाताखाली राहून, कानाने आणि बोटांनी शिकली जाते आणि तिची लेखी नोंद फारशी होत नाही. म्हणून प्रत्येक मागामागे एक नोंदवही असणे ही फार खर्चाची नसलेली पण तातडीची गरज आहे: कोणता शाफ्ट केव्हा किती कातला, फेक कोणत्या अंशावर ठेवली, बुश किती महिने टिकला आणि त्यानंतर कापडात काय फरक पडला, हे तिच्यात लिहिले गेले पाहिजे. यंत्रमाग सेवा केंद्रे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी अशा नोंदी एकत्र करून जॉबरांना शिक्षकाच्या खुर्चीवर बसवले, तर तरुण कारागिरांना तीच चूक पुन्हा करून शिकावे लागणार नाही. अनुदानाने जोड विकत घेता येतो, पण तो कोणत्या मागावर, कोणत्या दुरुस्तीनंतर आणि कोणत्या वेगाला बसवायचा हे सांगणारा माणूस घडवावा लागतो. सोलापुरी चादरीला मिळालेल्या मानांकनाचा खरा आधार तो माणूसच आहे.