एवढीशी तोटी, एवढे मोठे इंजिन

मराठवाड्यातल्या माणसापुढे मोटारीतल्या हीटरची गोष्ट काढली, तर तो आपल्याकडे संशयानेच पाहील. वैशाखात पैठणच्या रस्त्याला बिडकीनपाशी उभ्या असलेल्या मोटारीच्या टपाला हात लावून पाहावा. मग आणखी ऊब कुणाला हवी, हा प्रश्नच उरत नाही. पण गंमत पाहा, जुन्या मोटारीत हीटरकडे जाणारे पाणी अडवणारी जी लहानशी तोटी असते, तिची खरी गरज थंड मुलखापेक्षा आपल्यालाच अधिक. तिकडे ती वेळेवर उघडली पाहिजे. इकडे ती घट्ट बंद झाली पाहिजे!

शास्त्रीय मराठीत या तोटीला 'झडप' म्हणावे लागेल. हृदयातही झडपाच असतात, आणि त्यांचे कामही हेच: वाहते ते योग्य वेळी जाऊ द्यायचे, योग्य वेळी अडवायचे. मिस्त्री मात्र तिला 'हीटर कॉक' म्हणून मोकळे होतात.

तिचे काम समजायला सोपे आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची साधारण एकतृतीयांश उष्णता इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. ते पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवते. त्यातलेच थोडे पाणी रबरी नळीने आत, डॅशबोर्डाखालच्या एका चिमुकल्या रेडिएटरमध्ये नेले, त्यावर पंखा फिरवला, की झाला हीटर! ऊब फुकटची, वाया जाणारीच वापरलेली. या वाटेवरचा दरवान म्हणजे आपली तोटी. ती बंद होईनाशी झाली, की ऐन मे महिन्यात ऐंशी-नव्वद अंश तापलेले पाणी चालकाच्या पायाशी खेळू लागते.

अशा गाड्या आपल्याकडे कुठून आल्या? वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, फार्गो या अमेरिकी जातीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पुढे तिथेच फियाट ११०० आली आणि कालांतराने ती 'पद्मिनी' झाली. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्याचा निरोप घेतला. पण घराघरांत आजोबांची म्हणून जपलेल्या गाड्या अजून आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमाने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणीही मिळते.

त्या काळी हीटर बहुधा जादा पैसे मोजून घ्यायची वस्तू होती. ज्या गाड्यांत तो होता, त्यांतली तोटी वर्षानुवर्षे कुणी हलवली नाही, म्हणजे क्षार साचून ती जाम होते. काही अमेरिकी तोट्यांत ऊब आपोआप बेताची राखणारी बारीक नळी आणि रबरी पडदा असतो. तो पडदा कालांतराने फाटतो. मग थेंब थेंब गळती सुरू होते. गळती दिसली, की 'आपल्याला हीटर लागतो कुठे?' म्हणून नळीत लाकडी खुंटी ठोकण्याचा मोह होतो. तो आवरावा. ती खुंटी एखाद्या दिवशी कन्नडच्या घाटात सुटते, पाणी रस्त्यावर वाहून जाते आणि चालकाला कळेपर्यंत इंजिनाचे हेड वाकलेले असते. दोन पैशांच्या खुंटीने हजारोंचे इंजिन बुडते ते असे.

तोटी कशी बदलावी?

पहिला नियम: इंजिन पूर्ण निवल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. झाकण उघडताच आतला दाब सुटतो, पाणी एकदम उकळून उसळते आणि तोंड-हात भाजतात. निवल्यावर रेडिएटरच्या खालच्या तोटीने पाणी भांड्यात काढावे. कूलंट घातलेले असेल, तर ते भांडे उघडे ठेवू नये. त्यातला ग्लायकॉल गोड लागतो, पण विषारी असतो. अंगणात मुले आणि मांजर-कुत्री फिरतात, हे विसरू नये.

मग क्लिपा सैल कराव्या. जुनी नळी चिकटून बसली असेल, तर ओढू नये. लांबीच्या बाजूने चिरून सोलून काढावी, कारण आतल्या हीटरची नळी पातळ, डाख दिलेली असते आणि ओढाताणीने फाटते. मॉरिस-ऑस्टिन घराण्याच्या अनेक इंजिनांत तोटी थेट हेडवर बसवलेली असते. तिथे जुने गॅस्केट स्वच्छ खरवडून नवे घालावे. तोटीवर प्रवाहाचा बाण असेल, तर त्याच दिशेने ती बसवावी. मूळ तोटी मिळत नसेल, तर त्याच मापाच्या नळीची साधी, तारेने चालणारी तोटीही चालते. जुनी मात्र टाकू नये. जपून ठेवावी, पुढेमागे दुरुस्त होईल. शेवटी तार अशी जुळवावी, की आतला दांडा 'बंद'वर नेला की तोटी पुरती बंद व्हावी.

पाणी भरताना हीटरची तोटी उघडी ठेवावी, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. इंजिन चालू करून प्रत्येक सांधा तपासावा आणि निवल्यावर पाण्याची पातळी पुन्हा पाहावी.

चांगल्या तोटीचा एक लाभ आपल्याकडेही आहे. घाट चढताना काटा तांबड्याकडे झुकू लागला, तर हीटर पूर्ण उघडून पंखा लावावा. माणसे घामाघूम होतील, पण इंजिनाला दुसरा छोटा रेडिएटर मिळेल. तेवढ्यात गाडी सावलीला थांबवता येते.

आणि उद्या?

बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्राचे सप्टेंबर २०२४ मध्ये लोकार्पण झाले आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांचे कारखाने त्या परिसरात येऊ घातले आहेत. विजेच्या मोटारीत इंजिन नाही, म्हणून फुकटची ऊबही नाही. हीटर बॅटरीतूनच वीज घेतो आणि कडाक्याच्या थंडीत एका चार्जवर गाडी कमी अंतर जाते. जुन्या गाडीत जे वाया जात होते, त्याची किंमत आता मोजावी लागणार आहे.

म्हणून घरी जुनी गाडी असेल, तर या दिवाळीत तिला पुसून झेंडूची माळ घालतानाच बॉनेट उघडून एकदा त्या तोटीकडेही पाहावे. बोटाला ओल लागली, तर पाडव्याची वाट पाहू नये.