लहान मोटारगाडी

लहान मोटारगाडी : चार-पाच माणसांना बसता येईल अशी, परंतु लांबी व एंजिनाची क्षमता मर्यादित ठेवलेली मोटारगाडी. लांबी ४ मी.पर्यंत आणि पेट्रोल एंजिन १,२०० घ. सेंमी.पर्यंत (डीझेल १,५०० घ. सेंमी.पर्यंत) ही व्याख्या भारतात २००६ च्या अर्थसंकल्पात उत्पादन शुल्कासाठी करण्यात आली. सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे.

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ ही लहान गाडी तयार केली होती; तिचे व्यापारी उत्पादन मात्र झाले नाही. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी (१,०८९ घ. सेंमी.) दीर्घकाळ मध्यमवर्गाची गाडी होती. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये ७९६ घ. सेंमी.चे एंजिन आडवे बसवून पुढील चाकांना गती दिलेली होती. मागील आसापर्यंत जाणारा दांडा त्यामुळे वगळला गेला आणि आखूड गाडीतही बसण्यास जागा मिळाली.

रोजच्या ये-जा करण्यासाठी अशी गाडी कितपत उपयुक्त, हे गाडीपेक्षा गावावर अवलंबून असते. पालघर तालुक्यातील दातिवरे हे गाव वैतरणेच्या मुखाशी आहे. पैलतीरावर अर्नाळा दिसते, पण रस्त्याने जावयाचे तर सफाळे, तांदूळवाडी घाट व वरईमार्गे महामार्ग गाठून मोठा वळसा घालावा लागतो. विरार व जलसार यांदरम्यान २०२५ मध्ये वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाल्याने हा वळसा टाळण्याची सोय झाली. तरीही मुंबईकडील नोकरदाराला सफाळे स्थानकच जवळचे. डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या २०१३ पासून धावतात. म्हणजे गाडी लागते ती घर ते स्थानक एवढ्यापुरती, आणि दिवसभर ती स्थानकाबाहेर उभी असते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्याची गरज याहून खरी असते; सुटण्याच्या वेळी त्याला दुसरे वाहन मिळेलच असे नाही.

जाऊनयेऊन ३० किमी. व वर्षाचे ३०० दिवस धरल्यास ९,००० किमी. होतात, लिटरला १८ किमी. या मानाने ५०० लिटर पेट्रोल लागते. ग्राहक विचारतो तो एवढाच आकडा. कर्जाचा हप्ता, विमा व किमतीतील घट हा खर्च गाडी उभी असली तरी चालूच राहतो, आणि थोडे चालविणाऱ्यास तोच अधिक जाचतो. शिवाय थंड एंजिन पहिल्या काही किमी.त जास्त इंधन घेते. फेरी फार आखूड असेल, तर तेल पुरेसे तापत नाही व त्यात साचलेला पाण्याचा अंश उडून जात नाही. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने पत्रा गंजतो. गंज प्रथम तळाशी, चिखल अडकून राहतो तेथे धरतो. यासाठी पावसाळा संपताच तळ गोड्या पाण्याने धुऊन गंजरोधक लेप तपासावा.

तीन-चार शेजाऱ्यांनी एकाच गाडीने स्थानक गाठणे सर्वांत स्वस्त पडते. मात्र खाजगी नोंदणीच्या गाडीतून भाडे आकारून प्रवासी नेण्यास १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमान्वये परवाना आवश्यक आहे.