परवानगी होती, घर नव्हतं

बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत घरमालकाला दुसरं छोटं घर बांधता यावं, म्हणून कॅलिफोर्निया राज्याने पहिला कायदा केला तो १९८२ साली. कागदोपत्री ते ‘दुय्यम घर’, बोलण्यात ‘ग्रॅनी फ्लॅट’, म्हणजे आजीचं घर. पुढची चौतीस वर्षं आजी फारशी कुठे राहायला आली नाही.

कारण नियम करायचं काम कायद्याने शहरांवर सोपवलं, आणि शहरांनी ते मन लावून केलं. एका प्लॉटवर एकच कुटुंब, हा शिरस्ता तिथल्या बर्कले शहराने १९१६ सालीच घालून दिला होता. तो मोडू नये असं बंगलेवाल्यांना वाटे, आणि शहराच्या निवडणुकीत त्यांच्या मतांना वजन होतं. मग उघड नकार द्यायची गरजच काय? प्लॉट अमुक चौरस फुटांचा हवा, सामासिक अंतर तमुक हवं, वर शेजाऱ्यांसमोर जाहीर सुनावणी. २००२ च्या दुरुस्तीने सुनावणी गेली. सांताक्रूझ शहराने तर वास्तुविशारदांकडून नमुना नकाशेही करून घेतले. तरी राज्याचं चित्र पालटलं नाही.

सगळ्यात चिवट अट पार्किंगची. नव्या घरासाठी गाडीची वेगळी जागा दाखवा. गॅरेजचंच घर करायचं असेल तर तिथली गाडी कुठे लावणार तेही दाखवा. लोक राहायचे थांबले नाहीत, परवाने घ्यायचे थांबले. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने १९८७ साली केलेल्या पाहणीत लॉस एंजेलिस काउंटीतल्या सुमारे ४२ हजार गॅरेजांत दोन लाखांच्या आसपास माणसं राहत असल्याचा अंदाज निघाला होता.

२०१६ मध्ये बॉब विकोव्स्की आणि रिचर्ड ब्लूम या लोकप्रतिनिधींची विधेयकं मंजूर झाली. सार्वजनिक वाहतूक अर्ध्या मैलात असेल, तर पार्किंग मागायचं नाही! लॉस एंजेलिस शहरात त्या वर्षी जेमतेम ऐंशी परवाने निघाले होते. पुढच्या वर्षी दोन हजारांच्या घरात गेले. २०२० पासून उरलेल्या अटीही ढिल्या झाल्या. अर्जाचा निकाल ६० दिवसांत, मागे आणि बाजूला चार फूट सोडले की पुरे, ७५० चौरस फुटांखालच्या घराला विकास शुल्क नाही, आणि मालकाने त्याच प्लॉटवर राहिलं पाहिजे ही सक्तीही स्थगित. २०२३ मध्ये ती कायमची गेली. सरकारने यात विटा घातल्या नाहीत, फक्त कलमं खोडली. या सगळ्या काळातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट हीच.

पण परवडणाऱ्या घरांचं काय? बर्कले विद्यापीठाच्या एका सर्वेक्षणात अशा घराचा मध्यक खर्च दीड लाख डॉलर निघाला, आणि भाव तेव्हापासून चढेच आहेत. म्हणजे ज्याच्याकडे आधीच जमीन आणि पत आहे, तोच बांधणार. राज्याने ४० हजार डॉलरपर्यंत अनुदान देऊन पाहिलं. तो निधी बघता बघता संपला. परसातली निम्मी-अर्धी घरं भाड्याने जातात, बरीचशी घरच्यांसाठी असतात. विकोव्स्की फ्रीमाँटचे. भारतीयांची दाट वस्ती असलेल्या या गावात, व्हिसावर सहा महिने राहायला येणाऱ्या आईवडिलांना स्वतंत्र दार मिळणं म्हणजे काय, हे मराठी घरांना समजावून सांगायला नको. मात्र त्याने भाडेकरूंची रांग कमी होत नाही. घरटंचाईवरचा हा उपाय मुळात घरमालकाची सोय आहे, टंचाई कमी होते ती ओघाने. तरी जी घरं उभी राहिली, ती खरी आहेत.

आता पुढची पायरी विक्रीची. २०२३ च्या कायद्याने शहरांना मुभा दिली की परसातलं घर स्वतंत्र विकू द्यावं. सॅन होजेने २०२४ मध्ये ती सर्वांत आधी घेतली. विक्री झाली की पुढच्या घराचा मालक आणि मागच्या घराचा मालक यांची रीतसर सोसायटी करावी लागते. दोन सभासदांची. अध्यक्ष कोण आणि सेक्रेटरी कोण, हा वाद तिथेही रंगणारच.