जादूची वस्तू घडवायचीय? जबलपूरला चला!

१९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि टेबलाभोवती बसून गोष्ट खेळण्याचा नाद जगाला लागला. पुढे पायझो कंपनीच्या 'आरपीजी सुपरस्टार' स्पर्धेत पहिल्याच फेरीत एक जादूची वस्तू लिहून पाठवावी लागे. ती फसली, की खेळ संपला!

अशी वस्तू सुचणार कुठून? जबलपूरकडे पाहा. १८७५ मध्ये इथल्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेनने जुन्या ब्लॅक पूलमध्ये रंगीत चेंडू वाढवले आणि स्नूकर जन्माला आला. ओळखीच्या गोष्टीत एकच बदल पुरतो.

आता मदनमहालजवळची बॅलन्सिंग रॉक घ्या. १९९७ च्या भूकंपातही ती शिळा ढळली नाही. समजा, तिचा एक खडा तुमच्या नायकाकडे आहे. तो मुठीत असेपर्यंत त्याला कुणीच पाडू शकत नाही. पण त्यालाही पाऊल उचलता येत नाही. इतक्यात मागून जखमी मित्राची हाक आली, तर? खडा टाकायचा, की जागीच उभं राहायचं?

खेळणारे इथेच श्वास रोखतात. म्हणून शक्ती लिहिलीत, की तिची किंमतही लिहा.

आज जेवताना मुलांना विचारा: घरातली कोणती वस्तू जादूची करायची? आणि त्या बदल्यात काय द्यायचं?