कोरड्या तलावातील भाजीचा वाफा

छत्रपती संभाजीनगरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. अशा शहरात बंगल्यातील वा सोसायटीतील पोहण्याचा तलाव कोरडा पडला, तर नवल नाही. पावसाळ्यात मात्र त्यात पाणी साचते आणि डेंग्यू पसरविणाऱ्या डासांची सोय होते. या खड्ड्याचे जमिनीत उतरलेले हरितगृह करता येते. मात्र ज्येष्ठांचा वावर तेथे असणार असेल, तर काही पथ्ये आवश्यक आहेत.

जमिनीत काही फूट खाली तापमानाचे चढउतार मंदावतात. या तत्त्वावर लडाखमध्ये खंदकातील हरितगृहांत कडाक्याच्या थंडीतही भाजी पिकते. आपला वैरी मात्र थंडी नव्हे, ऊन आहे. मे महिन्यात पारा 40 अंशांपुढे जातो. तेव्हा प्लॅस्टिकच्या बंद छताखाली काम करणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण होय. म्हणून वर शेडनेट असावे आणि वारा खेळता राहावा. पाणचक्कीच्या हौदाखालील दालन ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना सावली व पाणी यांची किमया सांगावी लागणार नाही.

येथे वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे तळाशी निचरा व उपसा पंप हवाच. काळ्या मातीत भिंतींना तडे जातात. त्या अभियंत्याकडून तपासून घ्याव्यात.

सर्वांत मोठा धोका पडण्याचा. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर अंथरूण धरावे लागते. तलावाची उभी शिडी काढून रुंद, खरखरीत पायऱ्या बांधाव्यात, दोन्ही बाजूंना कठडा बसवावा. वाफे खुर्चीवर बसून हात पोहोचेल इतके उंच असावेत. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी वाकून एकदम उठू नये. खाली एकट्याने उतरू नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

पिकलेल्या भाजीबाबतही विवेक हवा. वॉरफरीनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर पालक-मेथीचे प्रमाण एकाएकी वाढवू वा कमी करू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पालेभाजीतील पोटॅशियमविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत, त्यांच्यासाठी तलावाच्या काठापासून दूर, सावलीत दोन कुंड्या ठेवाव्यात. मेथी निवडण्याचे, बी पेरण्याचे काम तेथे बसूनही होते. आणि आपल्या हाताला अजून काम आहे, ही जाणीव वृद्धापकाळी औषधाइतकीच मोलाची असते.